पळून थांबला की खोकला सुरू होतोय, पंप द्यावा की नको? पुढं भरतीत अडचण?

खानापूर_रोड:
नमस्कार मंडळी. पोरगा १३ वर्षाचा, आठवीत हाय, १५०० मीटर पळतोय, तालुक्याला निवड झालीय. पळताना काय होत न्हाई बघा, थांबला की पाचेक मिनिटानं खोकला सुरू, छाती आवळल्यागत होतंय म्हणतो, आणि अर्ध्या-पाऊण तासात आपोआप बंद. पावसाळाभर भिजत पळला तेव्हा एकदा पण खोकला न्हाई, दिवाळी झाली थंडी पडली, कारखाने गुऱ्हाळं पेटली की चालू. पीटी सर म्हणालेत स्टॅमिना कमी हाय अजून पळवा. डॉक्टरनी दमा असू शकतो म्हणून पंप लिहून दिलाय, त्यावरनं घरात वाद. आमच्या आईचं म्हणणं पंपाची सवय लागतीय, उंची खुंटतीय, त्यापेक्षा मृगाला हैदराबादला जाऊन मासळीचं औषध देऊया. माझी काळजी वेगळीच, घरातली दोघं मराठा लाइट इन्फंट्रीत होती, पोराला पण तेच करायचंय, आता कागदावर दमा असं आलं तर पुढं मेडिकलला काय? आणि पंपात स्टिरॉइड असतंय म्हणे, मग स्पर्धेत डोपिंगमध्ये धरतात काय? कुणाला माहिती असंल तर सांगा गा.

तालीमवाला_अनगोळ:
पंप बिंप काय नको. पहाटे पाचला उठवून रोज पळव, दूध-तूप लाव, छाती आपोआप मोकळी होतीय. आमच्या वेळेला कुणाला दमा होता सांग बघू? आजकालची पोरं मऊ झाल्यात.

छाती_विभाग_पीजी:
वरच्या दादांनी राग मानू नये, पण तुमच्या वेळेला पण दमा होताच, त्या पोरांना 'याच्यात दम न्हाई' म्हणून घरी बसवत होते एवढंच. आणि थंडीत पहाटे पाच ही तर सगळ्यात वाईट वेळ. हवा गार आणि कोरडी, शिवाय थंडीत गार हवेचा थर जमिनीलगत अडकून बसतो, त्यामुळं गुऱ्हाळाचा, पाचट पेटवल्याचा धूर सगळा खालीच साचतो. ऊन जरा वर येऊ दे मग पळवा.

आता मूळ प्रश्न. तुम्ही पावसाळ्याचं लिहिलंय ते फार कामाचं आहे, डॉक्टरना हे सांगितलंय काय? पळताना माणूस तोंडानं भसाभस हवा घेतो, नाकात जी हवा गरम आणि ओली व्हायची ती तशीच कोरडी आत जाते, श्वासनळीच्या आतला ओलावा उडतो, तिथलं पाणी खारट होतं, त्यामुळं तिथल्या पेशी रसायनं सोडतात आणि नळीचे स्नायू आवळतात. पावसाळ्यात हवाच ओली म्हणून पोरगं मोकळं. आणि त्रास पळताना नाही तर थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी वाढतो, तासाभरात ओसरतो, हा या त्रासाचा ठरलेला नमुनाच आहे. स्टॅमिना कमी असला तर दम पळतानाच लागतो आणि थांबलं की उतरतो, इथं उलटं आहे.

पण नुसत्या लक्षणावरनं पक्कं ठरवू नका. मोठ्या पातळीच्या खेळाडूंवर अभ्यास झालेत, नुसतं खोकला-धाप विचारून दमा ओळखणं म्हणजे जवळजवळ नाणं उडवल्यासारखं निघालं, लक्षणं असलेल्या बऱ्याच जणांची टेस्ट नॉर्मल आणि काहींना लक्षण नसून टेस्ट खराब. म्हणून स्पायरोमेट्री, म्हणजे मशीनमध्ये फुंकून श्वास मोजायची टेस्ट करतात, आधी फुंकायचं, मग नाकाला चिमटा लावून सहा-आठ मिनिटं जोरात पळवायचं, मग पाच, दहा, पंधरा, तीस मिनिटांनी परत फुंकायचं. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १० टक्के किंवा जास्त कमी झाली तर त्रास आहे असं धरतात. आपल्याकडं मेडिकल कॉलेजच्या छाती विभागात विचारा. तोवर घरी करायचं तर पीक फ्लो मीटर म्हणून प्लास्टिकची नळी मिळते मेडिकलमध्ये, महाग नसते, पळायच्या आधी आणि थांबल्यावर फुंकून आकडा लिहून ठेवा. १५ टक्क्यांहून जास्त घसरला तर तो कागद डॉक्टरना दाखवा. टेस्टच्या दिवशी आधी कुठं पळून जाऊ देऊ नका, एकदा त्रास झाला की पुढचे दोनेक तास बऱ्याच जणांना परत होत नाही आणि टेस्ट खोटी नॉर्मल येते. याचाच फायदा वॉर्मअपला घेतात, रेसच्या आधी दहा-पंधरा मिनिटं थोडं जोरात थोडं हळू असं पळवून घ्यायचं.

मासळीबद्दल एवढंच की तिनं दमा बरा होतो याचा पुरावा आजवर नाही. आईंना दुखवू नका, श्रद्धा म्हणून जायचं तर जावा, पण पंप बंद करून न्हवं.

मेडिकलवाला_टिळकवाडी:
डोपिंगचं मी सांगतो, रोज कोण ना कोण विचारालंय. साल्ब्युटामॉलचा पंप, म्हणजे श्वासनळी लगेच मोकळी करणारा निळा पंप, चालतो, मर्यादा २४ तासात १६०० मायक्रोग्रॅम आणि कुठल्याही ८ तासात ६०० च्या वर न्हाई. आपल्याकडचा एक पफ १०० चा, पळायच्या आधी दोन पफ म्हणजे २००, कुठं १६०० आणि कुठं २००. स्टिरॉइडचा पंप पण नेहमीच्या डोसमध्ये चालतो, ते स्टिरॉइड बॉडी वाल्यांचं न्हवं, सूज उतरवणारं वेगळं हाय.

खरा घोळ पंपात न्हाईच, तो खोकल्याच्या बाटलीत हाय. लोक येऊन 'कफ सिरप द्या की' म्हणतात आणि बऱ्याच बाटल्यांत टर्ब्युटॅलीन (साल्ब्युटामॉलसारखंच श्वासनळी मोकळी करणारं औषध) असतंय, ते आधी परवानगी काढल्याशिवाय चालत न्हाई. साल्ब्युटामॉल पण पंपातनं चालतंय, गोळीतनं सिरपमधनं न्हाई. स्टिरॉइडची गोळी स्पर्धेच्या वेळेला बंदी. तालुका-जिल्ह्याला कोण लघवी तपासणार न्हाई, पण पोरगं पुढं गेलं तर आतापासनं बाटलीवरचं बारीक अक्षर वाचायची सवय लावा. आणि पंपासोबत स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) घ्याच, न्हाईतर निम्मं औषध जिभेवर बसतंय. पंप घेऊन चूळ भरायची.

शहापूरची_जलपरी:
मी शाळेत असताना पोहायची, माझी गोष्ट उलटी म्हणून लिहितेय. मला त्रास थांबल्यावर नाही तर अगदी जोरात असताना व्हायचा, श्वास आत घेताना गळ्यातनं घूं असा आवाज, आणि थांबलं की दोन-चार मिनिटात ठीक. पंप भरपूर मारला, काडीचा फरक नाही. मग कळलं तो दमाच नव्हता, जोरात श्वास घेताना स्वरयंत्र आवळत होतं, त्याला श्वासाचे व्यायाम लागतात, पंप नाही. दम्याची शिट्टी जास्त करून श्वास सोडताना येते. तर दादा पोराचा मोबाईलवर एक व्हिडिओ काढा, आवाजासकट, डॉक्टरला लगेच कळतं.

आणि कोणीतरी पोहायला घाला म्हणणारच आहे. ओली हवा म्हणून ते सोपं जातं हे खरं, पण बंदिस्त टाकीत क्लोरीन घाम-लघवीशी मिसळून जो उग्र वास येतो तो गॅस श्वासनळीला झोंबतो, रोज तासन्तास पोहणाऱ्या मोठ्या खेळाडूंत दमा जास्त सापडतो तो त्यामुळंच असं मानतात. उघडी टाकी बघा आणि आधी अंघोळ करून उतरा, आपल्याकडं हे कोण करत नाही :)

तालीमवाला_अनगोळ:
बरं बाबा दमा असंल. पण मग त्याला खेळ सोडायला लावणार काय? पंपावर कोण मोठा पैलवान झालाय?

छाती_विभाग_पीजी:
खेळ कोण सोडायला सांगतंय? पॉला रॅडक्लिफला १४ व्या वर्षापासनं दमा, २००३ ला लंडन मॅरेथॉन २ तास १५ मिनिटं २५ सेकंदात मारली, कितीतरी वर्षं तो बायकांचा जागतिक विक्रम होता. ऑलिंपिकला येणाऱ्यांत साधारण १२-१३ जणांमागं एकाला दमा असतो. पैलवानाचं मला माहिती नाही, पण पळणाऱ्यांचं एवढं पुरं की.

उंचीचं म्हणाल तर आजींची भीती अगदीच खोटी नाही, म्हणून खरा आकडा सांगतो. अमेरिका-कॅनडात ५ ते १२ वर्षांच्या दम्याच्या हजारावर मुलांना घेऊन मोठा अभ्यास केला, त्यात रोज ४०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड (पंपातलं स्टिरॉइड) घेणारी मुलं मोठी झाल्यावर सरासरी १.२ सेंटीमीटर बुटकी राहिली. अर्धा इंच पण नाही. म्हणून डॉक्टर डोस कमीत कमी ठेवायला बघतात. सवय लागत नाही. उलट भीती नुसत्या निळ्या पंपाची आहे, बरं वाटतं म्हणून लोक तोच मारत बसतात आणि आतली सूज तशीच राहते. २०१९ पासनं जागतिक गाइडलाइन पण सांगते की १२ वर्षांच्या वर नुसता निळा पंप देऊ नका, सूज उतरवणारं औषध जोडीला हवंच. तुमच्या चिठ्ठीत कुठला आहे बघा आणि डॉक्टरना हे थेट विचारा.

भरतीचं आता. दमा चालू असला तर आर्मीच्या मेडिकलला अडतं हे खरं, तुमच्यापासनं लपवून काय उपयोग. पण पोरगं १३ चं आहे, या वयातला दमा बऱ्याच मुलांचा वयात येताना हलका होतो किंवा जातो, सगळ्यांचा नाही. कागद कोरा ठेवायचा म्हणून औषध न देणं मात्र धोक्याचं. अमेरिकेत १९९३ ते २००० मध्ये खेळताना दम्यानं गेलेल्या ६१ जणांचा अभ्यास आहे, बहुतेक २१ वर्षांच्या आतले, आणि ज्यांचा दमा आधी माहीत होता त्यांतल्या बहुतेकांचा 'सौम्य'च म्हणून नोंदलेला, रोजचं औषध घेणारे अगदी मोजके.

खानापूर_रोड:
हे ६१ चं वाचून घरात आईला पण वाचून दाखवलं. चिठ्ठीत निळाच हाय नुसता, उद्याच परत जातो डॉक्टरकडं, व्हिडिओ पण काढतो. पीटी सरना काय सांगू? मैदानात पंप कुणाकडं ठेवायचा, पोरगं लाजतंय पोरांसमोर घ्यायला.

मेडिकलवाला_टिळकवाडी:
एक पोराच्या खिशात, एक सरांच्या पिशवीत. सरांना एकाच कागदावर लिहून द्या, त्रास झाला तर बसवायचं, झोपवायचं न्हाई, स्पेसरमधनं पफ द्यायचे, किती आणि किती वेळानं ते डॉक्टरकडनंच लिहून घ्या, आणि बोलता येईना झालं किंवा ओठ निळे दिसले तर थांबायचं न्हाई, सरळ दवाखाना. पंप हलवून बघून आत औषध किती उरलंय ते कळत न्हाई, मागं आकड्याची खिडकी असलेला मागा माझ्यासारख्याकडं.