'गौण वनउपज' मधलं 'गौण' कुणाच्या हिशोबाने?

गोदाकाठ: वनहक्कांची एक पुस्तिका मराठीत करतोय, नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्यातल्या ग्रामसभांसाठी. सरकारी शब्द 'गौण वनउपज'. मसुदा सुरगाण्याकडच्या एका मावशींना वाचून दाखवला, त्यांनी विचारलं गौण म्हणजे? मी म्हटलं कमी महत्त्वाचं. तर म्हणाल्या, मग आम्ही खातो ते काय? दुसरा शब्द सुचवा.

पंचवटीकर: आधी 'वनउपज' की 'वनोपज' ते ठरवा. जीआरमध्ये कधी हे, कधी ते छापतात. सरळ 'वनोत्पन्न' लिहा.

मंजिरी_नाशिक: पंचवटीकर, उत्पन्न म्हटलं की लोकांना तहसीलचा दाखलाच आठवतो हो. आणि प्रश्न गौणचा आहे. हे इंग्रजांच्या जंगलखात्याचं माप आहे, रेल्वेच्या रुळाखालच्या स्लीपरला लाकूड लागायचं म्हणून लाकूड मुख्य आणि बाकी सगळं किरकोळ. २००६ च्या वनहक्क कायद्यात बांबू, मध, लाख, तेंदूपान, कंदमुळं सगळं या गौणमध्येच आहे. घर ज्यावर चालतं ते गौण कसं?

पंचवटीकर: कायद्याची संज्ञा बदलता येत नाही ताई, उद्या दाव्याचा अर्ज परत आला तर?

डोंगरदादा: मी पेठचा, कोकणा आदिवासी. आमच्याकडे असा एक शब्दच नाही, मोह म्हणजे मोह, कंद म्हणजे कंद. कंद काढला की वरचा, कोंब फुटणारा डोळ्याचा तुकडा परत त्याच खड्ड्यात पुरायचा, हे म्हातारी माणसं पोरांना हाताला धरून शिकवायची. तेऱ्याची रानभाजी पण आषाढात तेऱ्याचा सण झाल्याशिवाय खायची नाही, तोवर पान जून होतं, गड्डा धरतो. मार्केटचं बरोब्बर उलटं, तिथं पहिल्या मालाला भाव, म्हणून आता कोवळंच खुडून नाशिकला आणतात आणि घेणाराही तेच मागतो. याचा राग येतो मला.

गोदाकाठ: दादा हे पुस्तिकेत घेऊ का?

डोंगरदादा: घ्या की.

मंजिरी_नाशिक: 'तेरा' म्हणजे तेराव्या दिवशीचा सण का? आमच्या आजी तसंच सांगायच्या.

सावंतवाडी_ते_सातपूर: नाही हो, आमच्या कोकणात रानअळूला तेरं म्हणतात, त्यावरूनच असणार.

पंचवटीकर: बरोबर, तेरा या आकड्यावरून असता तर 'तेऱ्याचा' नाही, 'तेराचा' व्हायला हवं होतं.

डोंगरदादा: तेऱ्याचाच म्हणतात. बोलणारे आम्ही आहोत.