मदत हवी आहे : वाचनालयातील जुन्या संगणकांवर डेबियन आणि एक्सएफसीई, प्रत्येक वाचकाला डेस्कटॉप मूळ स्थितीत कसा द्यावा?

धागाकर्ता : कपाशीचे बोंड

नमस्कार मंडळी,

अमरावती जिल्ह्यातील दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यातील एका गावात असलेल्या ‘ड’ वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयाचे कार्यवाहपद मी सांभाळतो. व्यवसाय शेतीचा आहे आणि संगणकाचे जे काही ज्ञान आहे ते गरजेपोटी मिळवलेले आहे, तेव्हा प्रश्न मांडताना एखादा शब्द चुकला तर सांभाळून घ्यावे.

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि एका संस्थेने आपले जुने संगणक काढून टाकले. त्यांपैकी तीन डेस्कटॉप व एक नेटबुक आमच्या पदरात पडले. डेस्कटॉपमध्ये कोअर टू ड्युओ प्रोसेसर, २ जीबी मेमरी आणि ३२० जीबीची फिरती हार्ड डिस्क आहे. नेटबुकमध्ये अ‍ॅटम एन२७० आणि १ जीबी मेमरी असून त्याच्या पडद्याची उंची अवघी ६०० पिक्सेल आहे. नेटबुकचा विषय शेवटी काढतो.

तिन्ही डेस्कटॉपवर डेबियन १३ ही लिनक्स प्रणाली आणि एक्सएफसीई हे हलके डेस्कटॉप-वातावरण बसवले. त्याआधी एलएक्सक्यूटी हे तसेच दुसरे वातावरणही आठवडाभर वापरून पाहिले होते. ते मेमरी थोडी कमी घेते हे खरे, परंतु ब्राउझर उघडला की तो फरक कुठल्या कुठे वाहून जातो आणि एक्सएफसीईच्या सेटिंग्जच्या खिडक्या आमच्या ग्रंथपालांना अधिक लवकर उमगल्या, म्हणून तेच कायम केले. खाली एकच जाड पॅनेल ठेवले असून त्यावर ब्राउझर, रायटर, पुस्तकांचे फोल्डर आणि संगणक बंद करण्याचे बटण एवढ्याच चार मोठ्या खुणा आहेत. खिडक्यांच्या सावल्या व पारदर्शकता दाखवणारा कंपोझिटर बंद केला, आपोआप सुरू होणाऱ्या कार्यक्रमांतून ब्लूटूथसारख्या आमच्या उपयोगाच्या नसलेल्या गोष्टी काढल्या. प्रणालीची भाषा मराठी ठेवली. काही खिडक्यांत त्यामुळे निम्मे मराठी आणि निम्मे इंग्रजी दिसते, तरी हा बदल मला मोलाचा वाटतो, कारण भाषा मराठी निवडली की लोहित देवनागरी टंकात ल आणि श ही अक्षरे हिंदी वळणाची न दिसता आपल्या वळणाची दिसतात. शाळकरी मुले तीच अक्षरे पाहून लिहायला शिकतात.

आता अडचणी. पहिली आणि सर्वांत मोठी अशी की सर्व वाचकांसाठी ‘वाचक’ नावाचे एकच खाते आहे. संध्याकाळी पोलीस भरतीची तयारी करणारी मुले येतात, दुपारी बचत गटाच्या ताई हिशेब लिहितात, सकाळी ज्येष्ठ मंडळी वर्तमानपत्रे वाचतात. कोणी पॅनेल ओढून पडद्याच्या डोक्यावर नेऊन ठेवतो, कोणी खुणा पुसतो. तेवढे मी सोसले असते. परंतु गेल्या महिन्यात एका मुलाचा भरतीचा अर्ज, आधार कार्डाच्या प्रतीसह, डाउनलोडच्या फोल्डरात दुसऱ्याला सापडला आणि एका ताईंचे ईमेल खाते दुसऱ्या दिवशी सकाळी उघडेच होते. हे मला अत्यंत लाजिरवाणे वाटले.

उपाय म्हणून लॉगआउट होताना खात्यातील सर्व फाइली पुसणारी एक स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची फाइल, मी लॉगिनचा पडदा सांभाळणाऱ्या लाइटडीएममध्ये जोडली. ती चालते, पण आमच्याकडे लॉगआउट करतो कोण? वीज जाते आणि संगणक बंद पडतो. यूपीएस एकाच संगणकाला आहे आणि त्याची बॅटरीही आता नावापुरती उरली आहे. वीज परत आली की मागच्या माणसाचे सगळे जसेच्या तसे समोर येते.

दुसरी अडचण कळफलकाची आहे. सेटिंग्जमध्ये जाऊन मराठी इनस्क्रिप्ट ही कळफलकाची मांडणी जोडतो, ते व्यवस्थित चालते, परंतु संगणक पुन्हा सुरू केला की केवळ इंग्रजी उरते. तिसरी अशी की ब्राउझरमध्ये तीन-चार टॅब उघडले की हार्ड डिस्कचा दिवा अखंड जळत राहतो आणि माऊसचा बाणसुद्धा हलत नाही. मुले वैतागून बटण दाबून संगणक बंद करतात. नवे संगणक घेण्याइतके अनुदान आम्हांला मिळत नाही, तेव्हा आहे त्यातच मार्ग सुचवावा ही विनंती.

प्रतिसाद : पांदणवाट

कार्यवाह महोदय, आपली स्क्रिप्ट बरोबर आहे, तिची वेळ चुकलेली आहे. जिथे वीज केव्हाही जाऊ शकते तिथे साफसफाई जाणाऱ्याच्या हातून होईल असे धरून चालता येत नाही. ती येणाऱ्याच्या आधी झाली पाहिजे. लाइटडीएमच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये ‘सेशन क्लीनअप स्क्रिप्ट’ या ओळीऐवजी ‘सेशन सेटअप स्क्रिप्ट’ ही ओळ वापरावी. ही स्क्रिप्ट लॉगिन झाल्यावर, पण डेस्कटॉप दिसण्याआधी, रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकाराने चालते. वीज गेली काय किंवा कोणी बटण दाबले काय, पुढचा माणूस बसण्याआधी साफसफाई होतेच, आणि ती चालू असताना वीज गेली तरी पुढच्या लॉगिनला ती पुन्हा पहिल्यापासून होते.

नुसते पुसून भागणार नाही, आपली मांडणी परतही यायला हवी. त्यासाठी ‘वाचक’ खात्यात एकदा सर्व काही मनासारखे लावून घ्यावे, ब्राउझर बंद करावा, लॉगआउट करून व्यवस्थापकाच्या खात्यात यावे आणि ‘वाचक’ खात्याच्या होम फोल्डरची (जिथे त्याच्या फाइली व सेटिंग्ज असतात) पूर्ण प्रत, म्हणजे आपला साचा, मालकी न बदलता, होमच्या बाहेर एका वेगळ्या फोल्डरात ठेवावी. बाहेरच्या त्या फोल्डरात शिरण्याची परवानगी केवळ रूटला असावी, नाहीतर एखादा हुशार मुलगा मूळ साचाच बदलून ठेवील. ‘कॅश’ नावाचा लपलेला फोल्डर प्रतीतून काढून टाकावा, म्हणजे साचा लहान राहील. मग स्क्रिप्टमध्ये आरसिंक हे दोन फोल्डर सारखे करणारे साधन, ‘डिलीट’ हा पर्याय लावून, साचा ते होम असे चालवावे. जे साच्यात नाही ते पुसले जाते आणि जे बदलले तेवढेच पुन्हा लिहिले जाते, त्यामुळे जुन्या हार्ड डिस्कवरही काही सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू नये. आरसिंक आपल्याकडे नसल्यास आधी बसवून घ्यावे.

एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून तपासावी. लाइटडीएम ही स्क्रिप्ट प्रत्येक खात्याच्या लॉगिनला चालवते, म्हणून पहिल्याच ओळीत वापरकर्त्याचे नाव ‘वाचक’ आहे की नाही ते पाहावे आणि नसल्यास तिथूनच परत फिरावे. ही अट विसरून मी एकदा माझ्याच खात्यातील चार वर्षांचे छायाचित्रांचे फोल्डर गमावले आहे.

एक्सएफसीईमध्ये पॅनेलच्या सेटिंग्जना कुलूप लावण्याचीही सोय आहे. पॅनेलची एक्सएमएल फाइल प्रणालीच्या फोल्डरात ठेवून तिच्यात ‘लॉक्ड’ हा गुण लिहिला की सामान्य वापरकर्त्याला ते हलवता येत नाही. परंतु त्याने आधार कार्डाचा प्रश्न सुटत नाही आणि वरच्या पद्धतीने दोन्ही सुटतात, म्हणून आपण त्या वाटेला जाऊ नये असे मला वाटते.

बचत गटाच्या ताईंसाठी मात्र पासवर्ड असलेले स्वतंत्र खाते काढावे, अन्यथा त्यांचा हिशेबही रोज पुसला जाईल.

प्रतिसाद : बुरशी आलेले यंत्र

साफसफाईबद्दल वर सांगून झाले आहे, मी उरलेल्या दोन गोष्टींकडे वळतो.

आपल्या संगणकांवर आयबस हे निरनिराळ्या भाषांत टंकलेखन करवणारे साधन बसलेले असणार. ते लॉगिनच्या वेळी स्वतःची यादी लागू करते आणि एक्सएफसीईच्या सेटिंग्जमध्ये निवडलेली मांडणी बाजूला सारते, म्हणून मराठी नाहीशी होते. आयबसच्या पसंतीच्या खिडकीत ‘प्रणालीची कळफलक मांडणी वापरा’ या अर्थाचा पर्याय आहे, तो निवडला तरी काम होईल. परंतु आपले वाचक इनस्क्रिप्टच वापरणार असतील तर आयबसची गरजच नाही. ते काढून टाकावे, तेवढीच मेमरी वाचते, आणि मांडणी डेबियनच्या कळफलकाच्या मूळ फाइलमध्ये इंग्रजी व भारतीय अशी दोन नावे लिहून सर्व खात्यांसाठी एकदाच ठरवावी. त्याच फाइलमध्ये आल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबून भाषा बदलण्याचा पर्याय लिहिता येतो. आणखी एक पर्याय फार थोड्यांना ठाऊक असतो : भाषा मराठी असताना कळफलकावरचा स्क्रोल लॉकचा दिवा लागतो. ज्येष्ठ वाचकांना पडद्याच्या कोपऱ्यातील बारीक खूण शोधण्यापेक्षा तो दिवा पाहणे सोपे जाते. ‘दऱ्या’ किंवा ‘वाऱ्या’ लिहिताना मुले अडतात, त्यांना सांगावे की शिफ्टसह जे ही कळ दाबली की नुक्ता असलेला ऱ येतो आणि त्याला हलन्त देऊन पुढचे अक्षर लिहायचे असते.

रोमन अक्षरांतून उच्चारानुसार मराठी लिहिणारे कोणी असतील तर मात्र आयबस ठेवावे लागेल.

संगणक गोठतो तो मेमरी संपून फिरत्या डिस्कवर स्वॅप, म्हणजे मेमरीऐवजी डिस्क वापरणे, सुरू झाल्यामुळे. ‘झीरॅम टूल्स’ हे पॅकेज बसवावे आणि त्याच्या फाइलमध्ये प्रमाण ५० टक्के ठेवावे. मेमरीचाच एक भाग दाबून भरलेल्या पोत्यासारखा वापरला जातो आणि डिस्ककडे धाव घेण्याची वेळ उशिरा येते. त्याच्या जोडीला ‘अर्ली ओओएम’ बसवावे. मेमरी अगदी संपत आली की ते सर्वांत जास्त मेमरी खाणारा कार्यक्रम बंद करते. बहुतेक वेळा ब्राउझरचा एखादा टॅब बळी जातो, पण संगणक जिवंत राहतो आणि मुलांना बटण दाबावे लागत नाही. ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारे यूब्लॉक ओरिजिन घालावे. हे सर्व करूनही खरा फरक २ जीबीची जुनी डीडीआर२ मेमरीची पट्टी आणि लहानशी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, टाकल्यावरच पडेल. अशी जुनी पट्टी अमरावतीच्या दुरुस्तीच्या दुकानांत विचारून पाहावी. तिन्ही संगणकांचे एकदम जमत नसेल तर एसएसडी आधी घ्यावी.

प्रतिसाद : कपाशीचे बोंड

दोघांचेही मनापासून आभार. दहा दिवस वापरून मगच लिहितो आहे.

सेटअप स्क्रिप्ट चालली. स्क्रोल लॉकचा दिवा तर आमच्याकडे कौतुकाचा विषय झाला आहे. आमचे एक ज्येष्ठ वाचक त्याला ‘मराठीचा दिवा’ म्हणतात. झीरॅममुळे चार टॅबपर्यंत निभावते, त्यापुढे एखादा टॅब मिटतो, पण गोठणे थांबले. एसएसडी हरभरा विकल्यावर पाहू.

एक नवी अडचण मात्र दिसते. संगणक बंद करून सुरू केला तर पॅनेल अचूक परत येते, परंतु केवळ लॉगआउट करून लगेच पुन्हा लॉगिन केले तर कधी कधी आधीच्या माणसाने बिघडवलेलेच पॅनेल दिसते. फाइली मात्र पुसलेल्या असतात.

प्रतिसाद : पांदणवाट

एक्सएफसीईच्या सेटिंग्ज सांभाळणारी ‘एक्सएफकॉन्फडी’ ही प्रक्रिया लॉगआउटनंतरही काही वेळा जिवंत राहते आणि जुन्या सेटिंग्ज तिच्या स्मरणात असतात. स्क्रिप्टमध्ये आरसिंकच्या आधी, ‘वाचक’ खात्याची त्या नावाची प्रक्रिया पीकिल ही आज्ञा वापरून बंद करावी. डेस्कटॉपला तिची गरज लागली की ती नव्याने सुरू होते आणि तेव्हा साच्यातील फाइली वाचते. त्या खात्याच्या सगळ्याच प्रक्रिया सरसकट बंद करू नयेत, नव्याने सुरू होणाऱ्या सत्राच्याही त्यात जाऊ शकतात.

नेटबुकबद्दल आपण शेवटी लिहिणार होता, ते राहून गेले. एन२७० हा ३२ बिटचा प्रोसेसर आहे आणि डेबियन १३ मध्ये ३२ बिटच्या जुन्या संगणकांसाठी इन्स्टॉलर नाही. डेबियन १२ वर आधारलेली अँटीएक्स २३ ही लिनक्स प्रणाली ३२ बिटमध्ये मिळते आणि तिच्यात आइसडब्ल्यूएम हा हलका खिडकी-व्यवस्थापक आहे, १ जीबीत ते चालेल. ब्राउझर मात्र त्यावर ठेवूच नये. पीडीएफ वाचणे आणि टंकलेखनाचा सराव एवढ्यासाठी द्यावे. ६०० पिक्सेलच्या पडद्यावर काही खिडक्यांची ‘ठीक आहे’ची बटणे खाली दडतात, तेव्हा आल्टची कळ दाबून धरावी आणि माऊसने खिडकी कुठेही पकडून वर सरकवावी.

प्रतिसाद : कपाशीचे बोंड

पीकिलची ओळ घातल्यापासून तीन दिवसांत पॅनेल एकदाही बिघडलेले दिसले नाही. डेस्कटॉपच्या भिंतीचित्रावर आता मोठ्या अक्षरांत लिहिले आहे : ‘येथे ठेवलेली फाइल राहत नाही, पेन ड्राइव्ह आणावा.’ अँटीएक्सची प्रत उतरवून घेतली आहे, रविवारी नेटबुकवर बसवतो. धाग्याच्या नावापुढे ‘प्रश्न सुटला’ असे लिहावे, ही संपादकांना विनंती.