उंच माणसं, बुटकी माणसं आणि भलत्याच मापाची घरं: तुमचे अनुभव सांगा

काल वरच्या कप्प्यातला पोह्यांचा डबा झाऱ्याने पुढे ओढत होते. आधी झाकण आलं, मग पोहे, शेवटी डबा. माझी उंची ४ फूट १० इंच. स्वयंपाकघर नव्याने केलं तेव्हा गवंड्याने विचारलं, "साहेब, ओटा किती ठेवू?" साहेब म्हणजे नवरा, ५ फूट ११. त्याने कमरेशी हात धरून "एवढा" म्हणून दाखवलं. ३४ इंच झाला. त्यावर शेगडी, शेगडीवर पाच लिटरचा कुकर, म्हणजे शिट्टी थेट माझ्या हनुवटीशी. पुरण घोटायचं तर पाटावर चढावं लागतं. साहेब त्या ओट्यावर चहा करतात. रविवारी.

'मूर्ती लहान' वगैरे ऐकून झालंय, ते नको. घरात रोज काय अडतं आणि त्यावर काय जुगाड केलात ते लिहा. आधी उंची, मग गाऱ्हाणं. उंच मंडळींनीही यावं, माळ्यावरची परात काढून द्यायच्या बोलीवर.

*

६ फूट ३. परात काढून देतो, पण आमचंही ऐका. गादी ७५ इंची मिळते आणि मीही बरोबर ७५ इंच. कागदावर हिशेब चोख, पण उशीची जागा आणि झोपेत ताणलेले पाय कोण मोजणार? पायगतीला फळी असलेला पलंग आम्हाला वर्ज्य.

गाव सिंधुदुर्गात. गणपतीला घरी गेलो की पहिला नमस्कार देवाला नाही, माजघराच्या चौकटीला, तोही कपाळाने. आजीने तिथे जुन्या गोधडीचा तुकडा ठोकून ठेवला होता. "घरात वाकूनच यायचं असतं रे," म्हणायची, पण तुकडा ठोकलाच. ती गेली, घराला दोनदा रंग लागला, तुकडा आहे तिथेच आहे. गणपतीच्या डोक्यावरची फळापानांची माटवी बांधायच्या दिवशी मात्र माझा भाव वधारतो. कवंडळं, सुपारीचे घोस, नारळ, सगळं मी स्टुलाशिवाय बांधतो आणि खाली उभे असलेले काका "जरा डावीकडे" म्हणत राहतात.

*

५ फूट १०, बाई. आमच्यासाठी तर ओटा बुटका. भांडी घासून उठले की कंबरेचा काटा ढिला. पण माझं खरं दुखणं साडी. साडीचा पन्हा असतो ४५-४६ इंच, तो काही माझ्या उंचीबरोबर वाढत नाही. आईच्या साड्या माझ्या घोट्याच्या वर राहतात, पूर आल्यासारख्या. आता खोचायच्या काठाला वीतभर साधं कापड जोडून घेते, ते परकरात दडतं. शालूला सुई लावायला आईने दोन वर्षं परवानगी दिली नाही.

दिवाळीआधी मजल्यावरच्या तिन्ही काकूंचा "जरा येतेस का गं?" ठरलेला. जळमटं माझ्याच वाट्याला.

*

४ फूट ११, नेदरलँड्स. इथली माणसं जगात सर्वांत उंच समजली जातात आणि घरं त्यांच्याच मापाची. २००३ नंतरच्या बांधकामात दार किमान २ मीटर ३० सेंटिमीटर उंच असावं लागतं. दाराचं एक वेळ ठीक आहे हो, न्हाणीघरातल्या आरशात मला फक्त माझा भांग दिसतो! आणि त्या ओट्यावर पोळ्या? जोर खांद्यातून द्यावा तर लाटणं छातीशी येतं. शेवटी पोळपाट घेऊन जमिनीवर मांडी घातली. शेजारीण एकदा डोकावली आणि मी पडले समजून धावत आली.

*

५ फूट. रात्री ट्रिप झालेला एमसीबी, म्हणजे विजेच्या पेटीतला खटका, मी लाटण्याने वर करते. लाकडी आहे, घाबरू नका.

*

उंची मध्यम, पण धंदा स्वयंपाकघरं करायचा, म्हणून लिहितो. ताठ उभं राहून कोपर काटकोनात दुमडा. जमिनीपासून कोपरापर्यंत जे माप येईल त्यातून चार-पाच इंच वजा करा. तो तुमचा ओटा. शेगडीची बाजू आणखी चार इंच खाली घेतलीत तर कुकरचं दुखणं जाईल. बसलेला ग्रॅनाइट खाली घेणं म्हणजे तोडफोड, त्याआधी ओट्याच्या लांबीएवढा पाट करून बघा. अरुंद नको, मागे पाय टाकला की पडाल. खाली रबर लावा.

आणि धागाकर्तीचं खरं आहे. बाई समोर उभ्या असतात आणि माप साहेबांना विचारलं जातं. मीही बरीच वर्षं तेच केलं.

*

३ फूट १०. वरचं वाचून हसलो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात वैद्यकीय किंवा जनुकीय कारणाने ४ फूट १० किंवा त्याहून कमी राहिलेली उंची येते, मी त्यात बसतो. डबे, ओटा याची सवय झाली. न जमणारी गोष्ट म्हणजे कडी. आपल्याकडे आतली कडी दाराच्या वरच्या टोकालाच का लावतात कोण जाणे. भाड्याच्या खोलीत मालक खिळा ठोकू देईना, तेव्हा आठ महिने दाराला पाण्याची भरलेली बादली लावून झोपलो. आता स्वतःचं घर आहे, कडी माझ्या हाताशी आहे. पाहुणे विचारतात, "घरात लहान मूल आहे का?"

*

४ फूट १०, पुन्हा मीच. बादलीचं वाचलं आणि आमच्या दाराच्या कडीकडे नीट पाहिलं. मलाही टाचा उचलाव्याच लागतात, इतक्या वर्षांत लक्षातच आलं नव्हतं.

कोपर मोजलं. साडेछत्तीस. म्हणजे ओटा हवा होता बत्तीसच्या आसपास. नवऱ्याला आकडा सांगितला, तो टेप घेऊन स्वतःचं कोपर मोजायला लागला. सुतार शनिवारी येतोय, पाट आणि खालची कडी दोन्ही सांगितलंय. या वेळी दार मी उघडणार आहे.