‘मेंदूला सूज’ म्हणावं की आणखी काही?

फोंड्याहून :
काकीच्या मेंदूत गाठ निघाली. ऑपरेशनला अजून अवकाश आहे, तोवर डेक्सामेथासोन या स्टिरॉइडच्या गोळ्या देऊन इस्पितळातून घरी पाठवलंय. कार्डावरचं इंग्रजी घरच्यांना मराठीत लिहून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. ‘सेरेब्रल इडिमा’ला ‘मेंदूला सूज’ लिहिलं, तर आजीला वाटलं मेंदूज्वर. तिनं पोरांना खोलीत जायची बंदीच केली. ‘रेझ्ड इंट्राक्रेनियल प्रेशर’ला ‘डोक्यात प्रेशर वाढलंय’ म्हटलं, तर काकांनी बीपीचं यंत्र आणून काकीच्या दंडाला पट्टा बांधला. १३०-८०. “प्रेशर खंय आसा?” आणि ‘स्टिरॉइड’ वाचून धाकटा म्हणतो, जिममधली पोरं घेतात तेच ना? नेमके शब्द सुचवाल का?

डिचोलीहून :
मस्तिष्कशोथ, अंतःकरोटी दाब. संस्कृत आहे म्हणून घाबरू नये.

पेडण्याहून :
घाबरायचं नाही, पण आजीला कळायला नको? शिवाय ‘शोथ’नं गोंधळ मिटत नाही. वैद्यकीच्या जुन्या ग्रंथांत शोथ, शोफ, श्वयथु हे बहुधा एकाच अर्थानं येतात. गळू लाल होऊन ठणकतं तीही सूज, आणि उभं राहून पाय भरतात तीही सूजच. काकीची दुसऱ्या जातीची, पाणी साठल्याची.

आपल्याकडची खाजनं, म्हणजे खाऱ्या नदीकाठची बांध घातलेली शेतं, डोळ्यांपुढे आणा. कुर्ल्यांनी बिळं पाडून बांध पोखरला की नदीचं खारं पाणी शेतात झिरपतं. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती एरवी असाच बांध धरून असतात. गाठीजवळ तो सैल पडतो आणि रक्तातलं पाणी आजूबाजूला पाझरतं. डेक्सा मुख्यतः ही गळती आवरतो. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तो यासाठी वापरात आहे. मॅनिटॉल या दुसऱ्या औषधाचं काम निराळं, ते रक्तात पाणी ओढून घेतं, म्हणजे पंप लावल्यासारखं. म्हणून ‘सूज ओसरली’ हे आपलं क्रियापद मला फार आवडतं. ते मुळात पाण्याचंच आहे.

पण पाणी न पाझरता पेशीच फुगल्या, भिजत घातलेल्या वाटाण्यांसारख्या, तर बांध दुरुस्त करून काय होणार? पक्षाघातानंतर सुरुवातीची सूज प्रामुख्यानं अशी असते, तिथे स्टिरॉइड सहसा देत नाहीत. डोक्याला मार लागला तरी नाही. १०,००० जखमींवरच्या चाचणीचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. स्टिरॉइड दिलेल्यांपैकी २१ टक्के दोन आठवड्यांत दगावले, न दिलेल्यांपैकी १८. ‘सूज आहे ना, मग द्या स्टिरॉइड’ हे वाक्य आपल्या एकाच शब्दामुळे किती सोपं वाटतं बघा.

डिचोलीहून :
मग सरळ ‘मेंदूत पाणी झालंय’ लिहा की.

पेडण्याहून :
नको हो! त्याला लोक हायड्रोसेफॅलस समजतात, नळी घालून पाणी काढतात तो. सूजच ठेवा, फक्त ‘गाठीभोवती’ जोडा. तेवढ्यानं मेंदूज्वरही गेला आणि पाणीही. दाबाला ‘कवटीतला दाब’. मोठ्या माणसात तो साधारण पाऱ्याच्या ७ ते १५ मिलिमीटर असतो, दंडाच्या पट्ट्याला तो कळत नाही. कवटी काही ताणत नाही, म्हणून आत जागा कमी पडली की सकाळी डोकं ठणकणं, ओकारी, एकाचे दोन दिसणं सुरू होतं. स्टिरॉइडला ‘उत्तेजक’ मात्र लिहू नका, तो वर्तमानपत्रांच्या क्रीडापानावरचा शब्द. जिमवाल्यांचं औषध पुरुषी संप्रेरकाच्या जातीचं, हे मूत्रपिंडावरच्या ग्रंथीच्या संप्रेरकाच्या जातीचं.

फोंड्याहून :
आणि ‘टेपर’? काकीला बरं वाटलं तर ती गोळी उद्याच बंद करील.

पेडण्याहून :
‘उतरवत आणणे’, म्हणजे मात्रा हळूहळू कमी करणे. बाहेरून औषध मिळत राहिलं की ती ग्रंथी सुस्तावते. एकदम थांबवलं तर गळून जायला होतं, रक्तदाब पडतो, सूजही उलटते.

फोंड्याहून :
फ्रिजवर हे लावलंय : ‘गाठीभोवती सूज आहे, त्यामुळे कवटीतला दाब वाढला आहे. गोळी सकाळी, खाऊन. साखर तपासणे. डॉक्टर उतरवतील तशीच उतरवायची.’ खाली आजीनं स्वतः लिहायला लावलं : ‘लागण होत नाही.’