मदत हवी आहे: महिलांच्या ५००० मीटर स्पीड स्केटिंगमधील लॅपच्या वेळा कशा वाचाव्यात?

सप्रेम नमस्कार. माझी भाची मुंबईत इनलाइन स्केटिंगचा (एका रांगेत चाके असलेल्या स्केट्सवरचे स्केटिंग) नियमित सराव करते आणि तिच्यासाठी मी २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमधील महिलांची ५००० मीटर शर्यत बारकाईने पाहत आहे, जी नेदरलँड्सच्या इरेन स्खाउटेनने ६ मिनिटे ४३.५१ सेकंदांत जिंकली. ४०० मीटरच्या ट्रॅकवर साडेबारा फेऱ्या, एका वेळी दोनच खेळाडू, प्रत्येक फेरीत आतल्या-बाहेरच्या लेनची अदलाबदल, आणि त्या वेळी बाहेरून आत येणारीला प्राधान्य, एवढे मला समजले आहे.

अडते ते पुढे. सुरुवातीच्या फेऱ्यांचा वेग कितपत राखून ठेवावा, आणि शेवटच्या चार फेऱ्यांत लॅपची वेळ वाढू लागली तर दोष दमाचा की वळणावरच्या पावलांचा, हे नुसत्या आकड्यांवरून कसे ओळखावे? शिवाय, टाच उचलली तरी पाते बर्फावर टेकलेले ठेवणारा क्लॅप स्केट वापरताना इनलाइनच्या सवयी कितपत उपयोगी पडतात? मला वळणावरचे तंत्र अधिक महत्त्वाचे वाटते. ज्यांनी स्वतः स्केटिंग केले आहे किंवा शिकवले आहे, त्यांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.