घरचा माणूस परदेशात जेलमध्ये अडकला तेव्हा आपल्या सरकारने काय केलं? अनुभव लिहा

डहाणू-तलासरीकडची माणसं पावसाळा सरला की गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. माझे मोठे दीर असेच गेले, समुद्रात काही रेघ आखलेली नसते, बोटीसकट उचलले आणि कराचीच्या मलीर जेलात टाकले. हे कळलं बोटमालकाच्या फोनवरून, सरकारकडून एक ओळ नाही. सात-आठ महिन्यांनी पडताळणीला माणूस आला तर त्याच्या कागदावर सासऱ्यांचं नाव भलतंच. रेशनकार्ड, आधार, शाळेचा दाखला सगळं काढून ठेवलं, म्हणे नाव जुळत नाही. म्हणजे हा माणूस आपलाच आहे हे आपल्याच ऑफिसला पटवत बसायचं! वर्ष गेलं त्यात. शिक्षा काही महिन्यांची, ती कधीच संपली. २००८ चा करार आहे दोन्ही देशांचा, शिक्षा संपली आणि नागरिकत्व पक्कं झालं की महिन्यात सोडायचं. पण पक्कं करायचं कोणी? सल्ले नकोत, तुमच्याकडे काय झालं ते लिहा.

तलासरी
ताई, माझे वडील होते मलीरला, ते बोलतायत मी टाइप करतोय. कोर्टात उर्दूत काहीतरी विचारलं, सगळ्यांनी एकदम मान हलवली, झाली केस. १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्हीकडून कैद्यांच्या याद्या देतात, त्या दिवसांत आत नुसती कुजबुज. वाघा ओलांडल्यावर आधी आपल्याच लोकांनी चौकशीला बसवलं, मग ट्रेन. आत मणी ओवायचं काम करायचे, त्यातली एक माळ आणलीय, खिळ्याला आहे, आई घालत नाही.

वसई
भाचा आखातात ड्रायव्हर होता, मालकाने चोरीची केस टाकली. जबाब अरबीत, सही आधी घेतली, आत काय लिहिलंय ते नंतर कळलं. ऑनलाइन तक्रार केली, सहा महिने स्टेटस एकच, कार्यवाही सुरू. २००९ पासून आपल्या वकिलातींकडे इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड आहे, परदेशात अडकलेल्यांसाठी, त्यातून वकिलाला मदत मिळते, हे आम्हाला त्याच्या खोलीतल्या केरळी पोराने सांगितलं. ज्यांनी सांगायला हवं होतं ते फोनच उचलत नव्हते.

सांगली
घरचा अनुभव नाही, पण कुलभूषण जाधवांचं आठवा, पाकिस्तानने हेर म्हणून फाशी सुनावलेले. २५ डिसेंबर २०१७ ला आई आणि बायको भेटल्या, मधे काच, मंगळसूत्रं उतरवायला लावली, मायलेकांना मराठीत बोलू दिलं नाही. सरकार हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं म्हणून १७ जुलै २०१९ ला निकाल तरी लागला की पाकिस्तानने व्हिएन्ना करार मोडला, म्हणजे पकडलेल्याला त्याच्या वकिलातीच्या माणसांना भेटू द्यायचं तो करार. (सुटका अजून नाहीच.) कतारमध्ये आठ माजी नौसैनिकांना फाशी सुनावलेली, फेब्रुवारी २०२४ मध्ये सात परत आले. मनावर घेतलं तर होतं की! खलाशासाठी कोण घेणार?

धागाकर्ती
तेच तर. कैद्यांना जेलमध्ये जाऊन भेटणारी दोन्हीकडच्या निवृत्त न्यायाधीशांची कमिटी होती, ऑक्टोबर २०१३ नंतर ती गेलीच नाही.
आमचं सांगायचं तर परवा पडताळणीचा कागद परत आलाय. यावेळी सासऱ्यांचं नाव बरोबर आहे, गावाचं चुकलंय.