नाटक दाखवा, पण तालमीलाही बसवा

बालगृहातल्या मुलांना वर्षातून एकदा बालनाट्याला न्यावं, ही सूचना चांगलीच. पण खरी गंमत तालमीत असते हो! आम्ही काही जण दोन वर्षं दर रविवारी एका बालगृहात जायचो. एक पोरगा तोंडातून शब्द काढेना, जेवणाच्या ताटावर ठेका मात्र अचूक धरायचा. त्याच्या हातात ढोलकी दिली. तिसऱ्याच रविवारी तो बाकीच्यांवर खेकसत होता, "अरे, समेवर ये ना!"

ठाण्यात नाटककार रत्नाकर मतकरींच्या पुढाकाराने 'वंचितांचा रंगमंच' उभा राहिला, त्यात वस्तीतली मुलं स्वतःचंच जगणं नाटिकांतून मांडायची. बालगृहात मात्र हे जरा जपून. देणगीदारांसमोर 'तुझी गोष्ट सांग' म्हणून पोरांना उभं करू नका. राजा, चोर, माकड, काय हवं ते होऊ द्या. आणि फेसबुकवर फोटो तर नकोतच. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा मुलांची ओळख उघड करायला बंदी आहे, हे किती उत्साही मंडळींना ठाऊक असतं?

आमचा ढोलकीवाला अठरा पूर्ण झाल्यावर संस्थेतून बाहेर पडला. आता लग्नसराईत त्याला सुपाऱ्या मिळतात.